नानांची शुगर आणि वहिनींची फोडणी

फॅक्टरीत तयार झालेल्या प्रत्येक नगाची तपासणी होते, हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण जन्मभर मी तेच काम केलं. पण फॅक्टरीत तयार होणाऱ्या किश्शांची तपासणी कोण करणार? ते तसेच डोक्यात ढीग लागून पडतात. एक उचलला की चार घरंगळतात. परवा नातसुनेनं माझ्यापुढं वाटीत काकडीचे काप ठेवले. "आजोबा, हेल्दी आहे, खा." मीठ नाही, दाण्याचं कूट नाही, फोडणी तर नाहीच! ती उघडीबोडकी काकडी पाहिली आणि ढिगातून एकदम नाना खापरेच घरंगळले.

जबलपूरला दुपारच्या डब्याला आमचा तिघांचा कंपू होता. मी तपासणी विभागातला. तिवारीजी स्टोअरमधले, राहायला गावातल्याच गढा वस्तीत, आणि जेवायला कुणाच्याही डब्यात. तिसरे नाना. फोर्ज शॉपमध्ये, म्हणजे लोखंड तापवून ठोकायच्या खात्यात, मोठ्या हॅमरवर चार्जमन. देह हॅमरला शोभेल असा, आणि हसले की टेबलावरचे डबे हलायचे. एकाहत्तरचं साल होतं. सीमेवर काहीतरी शिजत होतं आणि आमच्याकडं ओव्हरटाइमवर ओव्हरटाइम चालू होता. नानांचा एकुलता एक सुधीर तोफखान्यात होता, आणि नाना तोफांचे भाग ठोकत होते. बापलेकांचं खातं एकच.

त्या उन्हाळ्यात नाना हॅमरजवळ चक्कर येऊन पडले. फॅक्टरीच्या दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी तपासून सांगितलं, "शुगर है." हे डॉक्टरसाहेब म्हणजे सुकलेलं माणूस. हसताना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. दिवाळीनंतर पुन्हा तपासणी होणार, आणि तोवर शुगर गेली नाही तर नानांना हॅमरवरून उचलून स्टोअरमध्ये बसवणार, असा त्यांनी हुकूम दिला.

नाना बाहेर येऊन पायरीवर बसले. "पोरगा तिकडं तोफेमागं उभा राहून राहिला, अन् मी इथं खिळ्यांच्या पुड्या बांधू? काहून जी?" मला फार वाईट वाटलं. तिवारीजींनाही वाटलं, शिवाय खिळ्यांच्या पुड्या तेच बांधत असल्यामुळं थोडा रागही आला. पण त्या दिवसापासून नानांची शुगर ही आमच्या कंपूची शुगर झाली.

*

डॉक्टरसाहेबांचं पथ्य एका वाक्याचं होतं. "मीठा बंद, तेल बंद, मसाला बंद, सब कुछ उबला हुआ खाइए."

दुसऱ्या दिवशी नानांनी डबा उघडला. आत उकडलेला दुधी. पांढराफटक, ओलसर, निपचित. तिवारीजींनी तो बोटानं दाबून पाहिला.

मग ते म्हणाले, "भैया, इसको खाना है, कि इससे पट्टी बाँधनी है?"

नानांनी एक घास घेतला, डबा बंद केला आणि उपाशी कामावर गेले. संध्याकाळी भरलेला डबा घरी परत आला. नानांच्या बायको, म्हणजे आमच्या कमलवहिनी, मूळच्या नागपूरच्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या हातचा डबा परत आलेला नव्हता. हा त्यांना अपमान वाटला आणि तो त्यांनी थेट डॉक्टरांच्या खात्यावर मांडला.

तिसऱ्या दिवशी डबा उघडला आणि फोर्ज शॉपपर्यंत वास गेला. दुधीच होता, उकडलेलाच होता, पण वर लसूण, हिंग, मोहरी आणि लाल मिरचीची चरचरीत फोडणी!

"अहो, डॉक्टर काय म्हणाले?" मी घरी जाऊन वहिनींना विचारलं.

"उकडून खा म्हणले. मी उकडूनच केलं. उकडल्यावर काय करायचं, ते काहून नाही सांगितलं त्यांनी?"

वहिनींनी त्या दिवशी स्वतःचं पथ्य लिहिलं नाही, पण जाहीर केलं. साखर, भात, तळण घरातून बाद. ज्वारीची भाकरी, मेथी, कारली, अंबाडी, ताक सुरू. "तेल चमच्यानं, चव पळीनं! बेचव अन्न अंगाला लागत नाही भाऊजी, नुसतं पोटात जाऊन बसते."

*

वहिनींनी एक चूर्णही केलं. मेथ्या, जांभळाच्या बिया आणि वाळलेलं कारलं कुटून केलेली करडी पूड. जेवणाआधी चमचाभर घ्यायची. नाना ती वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून कामावर निघाले.

आता आमच्या फॅक्टरीच्या गेटवर काडेपेटीसुद्धा काढून घ्यायचे. लढाईच्या हवेत झडती आणखी कडक झाली होती. अशा गेटमधून नाना करडी पूड घेऊन चालले!

हवालदारानं पुडी उघडली आणि दोन पावलं मागं सरला. "ये कौन सा पाउडर है?"

"दवाई है. शुगर की."

"दवाई शीशी में होती है."

नानांनी चिमूटभर तोंडात टाकून दाखवली. तोंड कडू झाल्यामुळं त्यांचा चेहरा असा काही वाकडा झाला, की हवालदाराचा संशय पक्काच झाला. पुडी वाळूच्या बादलीत ठेवली. सगळ्यांना लांब उभं केलं. आतली पाळी बाहेर येईना, बाहेरची आत जाईना. सिक्युरिटी ऑफिसर आले, त्यांनी प्रयोगशाळेतून केमिस्टला बोलावलं. केमिस्टनं चिमूटभर पूड पत्र्यावर जाळून पाहिली. धूर झाला आणि सगळ्या गेटला मेथीच्या फोडणीचा वास सुटला. मग केमिस्टनं धीर करून चिमूटभर जिभेवर ठेवली.

"सर," तो थुंकत म्हणाला, "फटता नहीं है. बस, दुख बहुत देता है."

नानांची सुटका झाली. आठवड्यानं त्याच हवालदारानं नानांना बाजूला घेतलं. आम्हाला वाटलं, पुन्हा काही लफडं.

"नानाजी, उस दिन बची हुई पुड़िया मैंने खा ली थी. घुटने में आराम है. वो बारूद थोड़ी और ले आइए ना!"

तेव्हापासून नाना रोज गेटमधून दोन पुड्या नेऊ लागले. एक स्वतःची आणि एक झडती घेणाऱ्याची.

*

डॉक्टरांचं दुसरं फर्मान होतं, रोज संध्याकाळी भरपूर चाला.

माणूस उगाच कसा चालेल? कुठंतरी पोचायला हवं की नाही? म्हणून आम्ही कमानिया गेटपर्यंत चालायचं ठरवलं. आता कमानिया गेटच का, असं जबलपूरचा माणूस विचारणार नाही. तिथं खव्याची जिलबी मिळते. जाडजूड, काळसर, पाकात डुंबून तृप्त झालेली.

नाना जिलबी खायचे नाहीत, हे मी शपथेवर सांगतो. ते फक्त कढईजवळ उभे राहायचे आणि डोळे मिटून वास घ्यायचे. "वासाला शुगर नसते," असं त्यांचं म्हणणं. तिवारीजी त्यांच्या वतीनं खायचे.

एके संध्याकाळी नानांनी डोळे उघडले, तर समोर डॉक्टरसाहेब! हातात द्रोण. त्यांनी तो झटकन मागं नेला, तसा पाक त्यांच्या बुटावर ठिबकायला लागला. आम्ही तिघांनी बुटाकडं पाहिलं आणि लगेच आभाळाकडं पाहिलं.

"डॉक्टरसाहब, आप यहाँ?" नानांनी अदबीनं विचारलं.

"एक मरीज़ को देखने आया था."

"अच्छा! कैसा है मरीज़?"

डॉक्टरसाहेबांनी मान वळवून पाठीमागच्या द्रोणात डोकावून पाहिलं. "आख़िरी स्टेज में है," ते म्हणाले आणि गंभीरपणे निघून गेले.

*

तिवारीजींची गंमत वेगळीच झाली. नानांच्या पथ्याच्या डब्याची त्यांना चटक लागली. कारल्याला झणझणीत तर्री, अंबाडीच्या भाजीवर लसणाचं तेल, तव्यावर फुगलेली भाकरी! पण आजारी माणसाच्या डब्यात रोज हात कसा घालायचा? म्हणून त्यांनी वहिनींना एक दिवस बारीक आवाजात सांगितलं, "भाभी, मुझे भी शुगर निकली है."

वहिनींना दया आली. दुसऱ्या दिवसापासून डब्यात दोन माणसांचं पथ्य यायला लागलं. तिवारीजी सुखात.

पण जबलपूर केवढंसं! बातमी कुठूनशी गढ्याला पोचली. त्यांच्या घरी रडारड झाली. आईनं नर्मदेला नवस बोलला. गल्लीतल्या लोकांनी आळीपाळीनं त्यांच्यावर पहारा ठेवला. दिवाळी आली. घराघरात गुजिया, पेढे, बर्फी, आणि तिवारीजी दिसले की लोक ताटावर पदर टाकायचे! ते खरं सांगायला गेले की आई म्हणायची, "बेटा, बीमारी छुपाते नहीं."

दिवाळीनंतर ते कामावर आले ते गाल बसलेले. नानांचा डबा उघडला होता. त्यांनी कारल्याकडं पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"भाभी का करेला, भैया, बहुत मीठा था. पूरी दिवाली ले गया."

*

पासष्टच्या लढाईत आमच्या फॅक्टरीच्या कॉलनीतल्या ब्लॉकांपुढं खंदक खणले होते. लढाई संपली, पण ते कुणी बुजवले नाहीत. वहिनींच्या दारातला खंदक ओलसर आणि सावलीतला. तिथं त्यांनी चमकोरा लावला. चमकोरा म्हणजे पुण्यामुंबईकडचं अळू. नानांना पालेभाजी हवी, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. सहा वर्षं विश्रांती घेतलेल्या त्या मातीत पानं अशी माजली, की खाली बसलं तर छत्रीची गरज नाही. हरभऱ्याची डाळ, दाणे आणि चिंच घालून वहिनी जी पातळ भाजी करायच्या, तिच्यासाठी मी आजही कुठल्याही खंदकात उतरेन.

एक दिवस सरावाचा सायरन झाला. नागरी संरक्षणाचे एक साहेब शिट्टी घेऊन आले आणि सगळ्यांना खंदकात पिटाळायला लागले. वहिनी काठावर हात पसरून उभ्या.

"पानावर पाय देऊ नका बापा! देठ मोडला की गेलं!"

"मॅडम, ऊपर से बम गिरेगा!"

"गिरेगा तब देखेंगे. अभी तो आप गिरा रहे हो. वो कोमल वाला पान छोडो!"

साहेबांनी वहिनींना बाजूला सारून स्वतःच आत उडी मारली. पाच मिनिटांत त्यांचे पाय आणि मान लाल झाली, आणि ते दोन्ही हातांनी खाजवायला लागले. चमकोऱ्याचा चीक तो! त्यांनी तिथंच हुकूम सोडला. "काटो इसको! पूरा साफ करो!"

"कापा," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "पण आधी पाण्याच्या टाकीवर चढून वरून पाहून या, खंदक कोणता दिसते ते."

साहेब खाजवत खाजवत टाकीवर चढले. सगळ्या ब्लॉकांचे खंदक वरून लख्ख दिसत होते. वहिनींचा दिसेना! फक्त हिरवंगार.

पुढच्या आठवड्यात कॉलनीभर आदेश निघाला, की प्रत्येक ब्लॉकनं आपापल्या खंदकात चमकोरा लावावा. रोपं वहिनींनी पुरवली. आणि सायरन झाला, की आमच्या कॉलनीतले लोक पोरंबाळं, दागिने, कागदपत्रं नंतर, आधी अंगाला चोळायला चिंचेचा गोळा घेऊन बाहेर पडायचे!

*

आता ती दिवाळीनंतरची तपासणी.

त्याआधी दोनेक महिने दवाखान्यातल्या कंपाउंडरनं नानांना घरी शुगर बघायचं औषध दिलं होतं. निळ्या पाण्याची बाटली आणि एक काचेची नळी. नळीत निळं पाणी घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे, तापवायचं आणि रंग बघायचा. कुठला रंग चांगला, ते सांगायच्या आत कंपाउंडरला कुणी हाक मारली, आणि नानांना विचारायची गरज वाटली नाही. का वाटेल? पंचवीस वर्षं त्यांनी रंग बघण्याचंच काम केलेलं! भट्टीतून लोखंड निघालं, की त्याचा रंग बघून नाना हॅमरवाल्याला "आने दो!" म्हणून ओरडायचे. लाल झालं की ताव बरोबर. काळंनिळं राहिलं की कच्चं, पुन्हा भट्टीत.

"साखर अंगात जळली पाहिजे," नानांनी आम्हाला समजावलं. "जळली की लाल. निळं म्हणजे कच्ची, तशीच पडून आहे."

आम्हाला ते पटलं. मीही तपासणी विभागातला शहाणा, मलाही पटलं.

वहिनींनी ती नळी स्वयंपाकघरात येऊ दिली नाही. व्हरांड्यात स्टोव्ह मांडला. रोज सकाळी नाना लघवीची बाटली भरून तिथं ठेवायचे, आंघोळ आणि पूजा उरकायचे, मग नळी चिमट्यात धरून तापवायचे. सुरुवातीला सगळे दिवस निळे! नाना खचले. सुधीरचं पत्र बरेच दिवस नव्हतं, त्याची काळजी वेगळीच. जेवायला बसले की भाकरीचा तुकडा मोडायचे आणि ताट सरकवायचे. डबाही तिवारीजींकडं ढकलायचे, आणि तिवारीजींनाही तो गोड लागेना. नाना हॅमरजवळ उभे असले की मला भीती वाटायची, हा माणूस आता पुन्हा पडतो की काय.

आणि एका सकाळी नाना गेटवरूनच ओरडत आले, "लाल! एकदम विटेसारखा लाल!"

मग रोज लाल. मी एकदा मुद्दाम घरी जाऊन पाहिलं. काय रंग होता! मी नळी उजेडात धरून सवयीनं "पास" म्हणालो. नाना पुन्हा जेवायला लागले. भाकरी, मेथी, कारलं, चमकोरा, वर ताक. रंग टिकवायचा म्हणून पथ्यात तसूभर फरक नाही. पोट उतरलं, चेहरा तरतरीत झाला, टेबलावरचे डबे पुन्हा हलायला लागले.

डिसेंबरात लढाई पेटली आणि त्याच आठवड्यात नानांची तपासणी निघाली. नाना, वहिनी आणि मी दवाखान्यात गेलो; सकाळची लघवीची बाटली नानांनी भरल्यापासून हातातून सोडली नव्हती. वहिनी दाराशी उभ्या राहिल्या. डॉक्टरसाहेबांनी आमच्यासमोर नळी धरली आणि दिव्यावर तापवली. निळी. आणखी तापवली. निळीच.

नानांच्या तोंडचं पाणी पळालं. "साहब, ताव कम है. थोड़ा और दीजिए."

"और क्या दूँ? बधाई हो. शुगर बिलकुल नहीं है. फिट!" डॉक्टरांनी पेन उचललं.

"नहीं है?" नाना चक्रावले. "पण साहब, घर में तो रोज लाल आता था!"

डॉक्टरांचं पेन थांबलं. "लाल? लाल मतलब भरपूर शुगर!" त्यांनी नळीकडं पाहिलं, मग नानांकडं पाहिलं. "घर पर लाल और यहाँ नीला? ये नमूना किसका लाए हैं आप?"

पोरगा आघाडीवर, हॅमर हातचा जातोय आणि वर लबाडीचा आळ! नानांनी माझ्याकडं पाहिलं. मीच म्हणालो, "साहब, दूसरा नमूना लीजिए. अभी, यहीं."

कंपाउंडर नानांना आत घेऊन गेला. पुन्हा नळी, पुन्हा दिवा. निळी! स्वच्छ, नर्मदेच्या डोहासारखी निळी.

डॉक्टरसाहेब खुर्चीत मागं टेकले. "तो फिर घर में लाल कहाँ से आता था?"

तेवढ्यात दाराशी बांगड्या वाजल्या. वहिनी पदर सावरून पुढं आल्या. नानांकडं न बघता मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच सांगा साहेबांना. निळा आला की हे ताट सरकवून देत होते. पोरगं तिकडं, अन् हे इथं उपाशी. मी काय करू? मग हे आंघोळीला गेले की मी त्या बाटलीत..."

"साखर टाकत होतात?" मी ओरडलोच.

"नाही जी," वहिनी म्हणाल्या. "साखर टाकून पाहिली. साखरेनं काही होत नाही. मधानं येतो रंग!"